रिसेट दाबायच्या आधी: कॉम्प्रेसरचे अलार्म आणि ट्रिप नक्की कसे चालतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे, अमोनियाचे दोन रेसिप्रोकेटिंग (पिस्टनवाले) कॉम्प्रेसर, जुनं रिलेचं पॅनल काढून हल्लीच पीएलसीचं (प्रोग्रामवर चालणाऱ्या कंट्रोलरचं) नवीन पॅनल बसवलंय आणि तेव्हापासून मशीन दिवसातून तीन-चार वेळा ट्रिप होतंय, जास्त करून दुपारचं. स्क्रीनवर दर वेळी सगळ्यात वर 'ऑइल प्रेशर लो' दिसतं, बजर जवळजवळ कायमच वाजतो म्हणून कोणीतरी त्यात कापूस कोंबलाय, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय की ऑइल प्रेशरचा स्विच लूप करून टाकू (म्हणजे त्याच्या दोन टोकांना वायर जोडून तो निकामी करू), कटकट संपेल. तर लूप केलं तर चालेल का, आणि हे अलार्म-ट्रिप मुळात चालतं कसं.

लूप करू नका. आधीच केलं असेल तर आजच मशीन बंद करून ती वायर काढा. बेअरिंगला तेल मिळायचं थांबलं की शेल (बेअरिंगचं आतलं अस्तर) पुसले जायला काही मिनिटं पुरतात, मग क्रँकशाफ्टला चरे पडतात, आणि हे नेमकं होणार ऑगस्टमध्ये बोटी बर्फ भरायला लायनीत उभ्या असताना. मी २६ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, लोट्याच्या एमआयडीसीतले प्लांट, किनाऱ्यावरचे बर्फ कारखाने, मासळी प्रोसेसिंगवाल्यांचे स्क्रू कॉम्प्रेसर, आंब्याच्या सीझनला कॅनिंगवाल्यांची एअर लाइन, सगळीकडे पॅनल उघडून बसलोय, आणि मोडलेल्या ज्या मशीनसाठी मला बोलावलं गेलं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पॅनलच्या आत एक छोटी लूपची वायर सापडली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अलार्म आणि ट्रिप यातला फरक. अलार्म माणसाशी बोलतो, ट्रिप कोणाला विचारत नाही. अलार्म आला म्हणजे मशीन चालू आहे पण काहीतरी बिघडतंय, जाऊन बघ, काहीतरी कर. ट्रिप आली म्हणजे आता माणसाची वाट बघण्यात अर्थ नाही, मशीन थांबलं. या दोन आकड्यांच्या मधलं जे अंतर असतं ते म्हणजे तुमच्या ऑपरेटरला मिळालेला वेळ, बाकी काही नाही. हे लक्षात आलं की सेटिंग कसं करायचं ते आपोआप कळतं. तुमचंच उदाहरण घ्या, अमोनिया ३५ डिग्रीला कंडेन्स होत असेल (गॅसचं द्रव होत असेल) तर हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जचं (गॅस बाहेर पडायच्या बाजूचं) प्रेशर, साधारण १२.५ बार दिसतं आणि ४० डिग्रीला साधारण १४.५ बार, किलो आणि बार इथे जवळजवळ सारखेच धरा. समजा तुमचं मशीन दुपारी १३.५ ला चालतं, तर अलार्म १५ ला आणि ट्रिप १६.५ च्या आसपास ठेवली तर ऑपरेटरला उठून कंडेन्सरपर्यंत जाऊन पाणी बघून यायला थोडा तरी वेळ मिळतो. ट्रिप किती वर न्यायची याची मर्यादा मात्र रिसिव्हर-कंडेन्सरच्या नेमप्लेटवर लिहिलेलं डिझाइन प्रेशर आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंग ठरवतं, तुमची माझी सोय नाही. काही जणांनी अलार्म १६ ला आणि ट्रिप १६.५ ला ठेवलेली मी बघितलीय, तिथे अलार्म वाजतो आणि माणूस खुर्चीतून उठेपर्यंत मशीन बंद, मग त्या अलार्मचा उपयोग काय.

त्याहून बरं म्हणजे अलार्म परिणामावर न ठेवता कारणावर ठेवायचा. हेड प्रेशर का वाढतं, तर कंडेन्सरचा पाण्याचा पंप ओव्हरलोडवर गेला, फॅनचा बेल्ट तुटला, नोझल चोक झाले. पंपाच्या ओव्हरलोड रिलेला एक जादा कॉन्टॅक्ट असतोच, तो पीएलसीला आणला की पंप बंद पडताक्षणी अलार्म येतो, प्रेशर चढायला लागायच्या आधी. एका वायरीचं काम आहे.

आता तुमच्या 'ऑइल प्रेशर लो' कडे येतो, कारण मला दाट शंका आहे की तुमची अडचण ऑइलची नाहीच. विचार करा, रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरचा तेलाचा पंप क्रँकशाफ्टवरच असतो. मशीन कुठल्याही कारणाने थांबलं की पंप थांबला, पंप थांबला की ऑइल प्रेशर शून्य. म्हणजे समजा दुपारी अडीच वाजता हेड प्रेशरवर ट्रिप आली, मशीन थांबलं, आणि पुढच्या काही सेकंदांत ऑइल लो, ब्राइन (बर्फाच्या टाकीतलं मिठाचं पाणी) टेंपरेचर हाय, करंट लो, असे पाच-सात अलार्म एकापाठोपाठ आले. नवीन पॅनलच्या स्क्रीनवर सगळ्यात नवीन अलार्म सगळ्यात वर दिसतो. ऑपरेटर येतो, वरचं वाचतो, ऑइल प्रेशर लो, रिसेट. खरं कारण खाली सरकलेलं असतं आणि रिसेट दाबल्यावर तेही पुसलं जातं. दुपारीच होतंय हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, तेलाला दुपार-रात्र एवढी कळत नाही, कंडेन्सरला कळते.

यासाठीच जुन्या चांगल्या अनन्सिएटर पॅनलमध्ये (प्रत्येक अलार्मला दिव्याची एक खिडकी असलेल्या पॅनलमध्ये) फर्स्ट-आउट नावाची सोय असायची. म्हणजे दहा खिडक्या लागल्या तरी जी पहिली लागली ती वेगळ्या प्रकारे लुकलुकायची, आणि अ‍ॅक्नॉलेज दाबलं तरी तिची ओळख पुसली जायची नाही. पीएलसीत हे करणं अगदी सोपं आहे, ट्रिपच्या बिटांपैकी जी पहिली वर आली तिचा नंबर एका रजिस्टरमध्ये पकडून ठेवायचा आणि पुढचा स्टार्ट यशस्वी होईपर्यंत सोडायचा नाही. पॅनलवाल्याला सांगा की स्क्रीनवर ठळक अक्षरात एकच ओळ पाहिजे, 'पहिली ट्रिप', आणि त्या क्षणाचे सक्शन (गॅस आत यायच्या बाजूचं प्रेशर), डिस्चार्ज, ऑइल, मोटर करंट हे चार आकडे गोठवून तिथेच दाखव. तोपर्यंत अलार्म हिस्टरीत जाऊन वेळ बघा, सेकंदासकट, आणि सगळ्यात वरचा न वाचता त्या झुंडीतला सगळ्यात खालचा वाचा.

आणखी एक गोष्ट तपासा. डिफरन्शियल ऑइल प्रेशर स्विचच्या आत टायमर असतो, बऱ्याच स्विचमध्ये तो छोट्या हीटरवर आणि बायमेटल पट्टीवर (तापली की वाकणाऱ्या पट्टीवर) चालतो. हा हीटर फक्त कॉम्प्रेसर चालू असतानाच चालू झाला पाहिजे, म्हणजे त्याची सप्लाय मेन कॉन्टॅक्टरच्या (कॉइलवर चालणारा, मोटरला सप्लाय देणारा मोठा स्विच) मदतनीस कॉन्टॅक्टमधून यायला हवी. पॅनल बदलताना ती सप्लाय कायमची जोडली गेली तर मशीन दुसऱ्या कारणाने थांबल्यावरही हीटर तापत राहतो, मिनिट-दीड मिनिटाने स्विच स्वतःच ट्रिप होऊन लॉक होतो, आणि मग त्याचं बटण हाताने दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. ऑपरेटरला साहजिकच वाटतं की ऑइलनेच मशीन बंद पाडलं. तुमच्याकडे पॅनल बदलल्यापासूनच हे सुरू झालंय, म्हणून मी सगळ्यात आधी हीच वायर बघेन. आणि तो बायमेटलवाला स्विच लगेच रिसेट होत नाही, पट्टी थंड व्हायला दोनेक मिनिटं लागतात, त्यामुळे बटण दाबदाबून बोट दुखवू नका.

ऑइल प्रेशर वाचतानाही बरेच जण चुकतात. गेजवर ४ किलो दिसतं म्हणून तेल ४ किलोने फिरतंय असं नाही. क्रँककेसमध्ये सक्शनचं प्रेशर असतं, समजा २ किलो, तर बेअरिंगला मिळणारं प्रेशर ४ वजा २ म्हणजे २ किलो. स्विच हाच फरक मोजतो म्हणून त्याला दोन ट्यूब असतात, एक पंपाकडून आणि एक क्रँककेसकडून. रजिस्टरमध्ये नुसतं ऑइल गेजचं रीडिंग लिहू नका, फरक लिहा. तो फरक महिन्याभरात हळूहळू कमी होत असेल तर फिल्टर चोक होतोय किंवा बेअरिंगचा क्लिअरन्स वाढतोय, आणि ते ट्रिप यायच्या कितीतरी आधी कागदावर दिसतं.

मग मशीन चालू करताना ऑइल प्रेशर शून्यच असतं, तरी ट्रिप का येत नाही, असं विचाराल. त्यासाठी ट्रिपचे तीन स्वभाव समजून घ्या. काही ट्रिप कायम जाग्या असतात, मशीन चालू असो नसो, उदाहरणार्थ इमर्जन्सी स्टॉप, हाय डिस्चार्ज प्रेशर, सक्शन अ‍ॅक्युम्युलेटरमधला (कॉम्प्रेसरकडे द्रव अमोनिया जाऊ नये म्हणून मध्ये असलेल्या भांड्यातला) हाय लेव्हल फ्लोट, अमोनियाची गळती. यांना कधीच झोपवायचं नाही. काही ट्रिप स्टार्टनंतर ठरावीक वेळाने जाग्या होतात, ऑइल प्रेशर त्यातली, ६० ते १२० सेकंदांत प्रेशर आलंच पाहिजे नाहीतर बंद. आणि तिसऱ्या प्रकारच्या ट्रिप परिस्थिती एकदा नॉर्मलला आली की मगच जाग्या होतात, मोठ्या गॅस कॉम्प्रेसरवर सक्शन प्रेशर लो अशी ठेवतात, म्हणजे लाइन भरून प्रेशर एकदा वर आलं की तिथून पुढे खाली जाऊ द्यायचं नाही. नवीन पॅनलमध्ये हे तीन प्रकार नीट वेगळे केलेले नसतात तेव्हा एक तर मशीन चालूच होत नाही, नाहीतर बंद मशीनवरही अलार्म कोकलत बसतो. तुमचा बजर कायम वाजतो त्याचं कारण बहुतेक हेच, दोनांतलं एक मशीन स्टँडबायला बंद आहे आणि त्याचा ऑइल लो, करंट लो, सगळं पीएलसी इमानदारीने ओरडून सांगतोय. 'मशीन रनिंग' ही अट त्या अलार्मांना लावा, निम्मा आवाज तिथेच गप्प होईल.

कापूस कोंबलेल्या बजरबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. मालवणकडच्या एका प्लांटवर बजर वाजत होता आणि तिथले म्हातारे ऑपरेटर शांतपणे कॅन उचलत होते, मी विचारलं तर म्हणाले, "ता रोजच वाजता, तेका काय करूचा?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हा वाजला तर काय करायचं, आणि सांगणार तरी कसं, दिवसाला शंभर वेळा वाजणाऱ्या गोष्टीवर काही करण्यासारखं नव्हतंच. हा प्रकार जगभर मोठमोठ्या प्लांटमध्ये झालाय. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला, त्याच्या चौकशीत असं निघालं की स्फोटाच्या आधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. अकरा मिनिटांत दोनशे पंच्याहत्तर, कोण वाचणार आणि कधी वागणार. त्यानंतर अलार्म कसे ठेवावेत यावर गांभीर्याने काम झालं, १९९९ मध्ये इंग्लंडात ईईएमयूए या संस्थेचं १९१ नंबरचं मार्गदर्शन आलं, अमेरिकेत २००९ मध्ये आयएसए या संस्थेचं १८.२ स्टँडर्ड आलं, आणि दोन्हीत गाभ्याची गोष्ट एकच, की ज्याच्यावर ऑपरेटरने काही करायचं नसतं तो अलार्मच नव्हे. ती फार तर माहिती, हिस्टरीत पडू दे, बजर नको. ईईएमयूएच्या हिशोबाने एका माणसाला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो, त्यापलीकडे तो फक्त अ‍ॅक्नॉलेज दाबणारा हात उरतो.

तुमच्या पॅनलवाल्याने चाळीस-पन्नास अलार्म टाकले असतील, एकेकाला प्रश्न विचारा, हा वाजला तर ऑपरेटर काय करणार, किती वेळात, आणि नाही केलं तर काय बिघडणार. उत्तर नसेल तर बजर काढा. बर्फाच्या कारखान्याला दहा-बारा अलार्म पुरतात माझ्या मते. आणि जे ठेवाल त्यांना डेडबँड (अलार्म यायचा आणि जायचा आकडा यांत ठेवलेलं अंतर) आणि डिले द्या. ब्राइनचा अलार्म उणे आठला लावला आणि टेंपरेचर उणे ७.९ आणि उणे ८.१ यांच्यात हिंदकळत असेल तर तो तासाला तीसदा येईल नि जाईल, त्याला एक डिग्रीचा डेडबँड आणि मिनिटभराचा डिले दिला की प्रश्न संपला. लेव्हलला आणि टेंपरेचरला मिनिटभर, प्रेशरला दहा-पंधरा सेकंद, असा डिले अलार्मला चालतो. ट्रिपला मात्र असा सरसकट डिले देऊ नका, हाय प्रेशर ट्रिपला तर नाहीच.

आता वायरिंग, कारण तुमच्या इलेक्ट्रिशियनशी तुम्हाला यावरच बोलावं लागणार. ट्रिपचे स्विच नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टवर आणि एकापाठोपाठ एक अशा माळेत जोडतात, आणि त्या माळेतून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्लाय जाते. सगळं ठीक असताना माळेतून करंट वाहतोय, काहीही बिघडलं की माळ तुटते आणि कॉन्टॅक्टर पडतो. वायर तुटली, टर्मिनल सैल झालं, उंदराने केबल कुरतडली, कंट्रोल सप्लाय गेली, सगळ्या बाबतीत मशीन थांबतं. लोक यालाच 'उगाच ट्रिप होतं' म्हणतात, पण ते उगाच नाही, आंधळं झालेलं मशीन चालू राहू नये म्हणून तसं मुद्दाम केलेलं असतं. उलट नॉर्मली ओपनवर जोडलं तर वायर तुटलेली कोणाला कळणारही नाही आणि ज्या दिवशी ट्रिप हवी त्या दिवशी ती येणार नाही.

नवीन पीएलसी पॅनलमध्ये मी एक गोष्ट वारंवार बघतो, की एचपी कटआउट (हाय प्रेशरला मशीन तोडणारा स्विच), ऑइल स्विच, इमर्जन्सी स्टॉप सगळे नुसते पीएलसीच्या इनपुटला आणून सोडलेले असतात आणि मशीन बंद करायचं की नाही ते प्रोग्राम ठरवतो. असं नको. एचपी कटआउट आणि इमर्जन्सी स्टॉप थेट कॉइलच्या लाइनीत पाहिजेत, पीएलसीला त्यांचा दुसरा कॉन्टॅक्ट द्या म्हणजे त्याला कळेल काय झालं. पीएलसीचं आउटपुट कार्ड चिकटलं तरी मशीन थांबलं पाहिजे. ज्या ट्रान्समीटरवरून (मोजलेल्या प्रेशरचा सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणावरून) तुम्ही कपॅसिटी कंट्रोल करता, म्हणजे मशीनचा लोड कमी-जास्त करता, त्याच ट्रान्समीटरवर ट्रिपही ठेवू नका, तो एक खोटं बोलला की कंट्रोलही चुकतो आणि संरक्षणही जातं.

खोटं बोलण्यावरून आठवलं, आपल्या किनाऱ्यावर हा विषय फार मोठा आहे. किनाऱ्याजवळच्या एका मासळी फ्रीझिंग युनिटचा स्क्रू एअर कॉम्प्रेसर ११० डिग्रीवर सारखा ट्रिप होत होता. तेल बदललं, कूलर ऍसिडने धुतला, फॅन मोटर बदलली, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हही बदलला, दोन आठवडे आणि बराच पैसा गेला. मी गेलो तेव्हा स्क्रीनवर १०९ होतं आणि एअर-एंडच्या (जिथे स्क्रू फिरून हवा दाबतात त्या भागाच्या) आउटलेट पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारला तर ८८. पाइपचा पृष्ठभाग आतल्या तेलापेक्षा थोडा थंड असतो हे धरलं तरी वीस डिग्रीचा फरक बसत नाही. सेन्सरच्या डोक्याचं झाकण उघडलं, आत तीन स्क्रूंपैकी दोन हिरवे. खारी हवा, केबल आत जाते त्या ग्लँडचं तोंड वरच्या बाजूला, पावसाळ्यात पाणी झिरपलेलं, तांब्याला गंज चढून टर्मिनलवर हिरवट पावडर जमलेली, बोटाने घासली तर खाली सांडली. पीटी-१०० सेन्सर म्हणजे शून्य डिग्रीला १०० ओहम आणि ८८ डिग्रीला साधारण १३४ ओहम, आणि त्या गंजामुळे मध्ये आठेक ओहम जास्तीचे घुसले होते, कंट्रोलरला १४२ दिसत होते आणि १४२ म्हणजे ११० डिग्री, त्याने प्रामाणिकपणे मशीन बंद केलं. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये वायरीचा रेझिस्टन्स वजा होतो हे खरं, पण दोन्ही वायरींत तो सारखा असेल तरच, गंज एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी असला की हिशोब फिसकटतो. टर्मिनल बदललं, कथिल लावलेले लग क्रिंप केले, ग्लँड खाली तोंड करून केबलला खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि रीडिंग ९० वर आलं.

पण मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मधल्या दोन आठवड्यांत वैतागून कोणीतरी ट्रिपचं सेटिंग ११० वरून १२० केलं होतं, आणि ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या खऱ्या गरम होण्याला मशीनला कोणी थांबवलं नसतं. तेल इंजेक्टेड स्क्रूमध्ये त्या तापमानाला तेल झपाट्याने जळतं, वार्निश धरतं, आणि सेपरेटरमध्ये आग लागण्याचा धोका असतो. गंजाने रीडिंग वाढतं ते एका अर्थी बरं, मशीन थांबतं तरी. सेन्सर पॉकेटमधून सटकून बाहेर लोंबकळत असेल किंवा वायरी शॉर्ट असतील तर रीडिंग कमी येतं आणि तेव्हा काहीच थांबत नाही. म्हणून पीएलसीत मर्यादेबाहेरच्या रीडिंगलाही फॉल्ट समजायला शिकवावं लागतं. प्रेशर ट्रान्समीटर ४ ते २० मिलीअँपचे असतात, शून्याऐवजी चारपासून सुरू होतात ते याचसाठी, की ३.६ च्या खाली गेलं म्हणजे प्रेशर कमी नाही तर वायर किंवा ट्रान्समीटर गेलाय. आणि चाळीस मिनिटं मशीन लोडवर चालूनही डिस्चार्ज टेंपरेचर ३५ दाखवत असेल तर आनंद मानू नका, सेन्सर शोधा.

लाइटीचंही आपल्याकडे वेगळं प्रकरण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले होते, कितीतरी दिवसांनी लाइट आली. अशा मोठ्या दुरुस्तीत दोन फेज अदलाबदल होऊन येऊ शकतात. एका कारखान्यात लाइट आली पण स्क्रू कॉम्प्रेसर चालूच होईना, फेज सिक्वेन्स रिले (तीन फेजचा क्रम बरोबर आहे का ते बघणारा) लाल. मालकाला घाई, गोडाऊनमधला माल वितळतोय, आणि जवळचा माणूस म्हणाला रिले खराब झाला, काढून टाक. सुदैवाने त्यांनी आधी फोन केला. मी सांगितलं, आधी एखादा छोटा पंप चालू करून फिरायची दिशा बघा. पंप उलटा फिरला. म्हणजे रिले ठणठणीत होता, सप्लायच उलटी होती. इनकमरच्या दोन वायरी बदलल्या आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. स्क्रू उलटा फिरला तर तेल मिळत नाही आणि काही सेकंदांत एअर-एंडचं नुकसान होऊ शकतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचंही (एक फेज गेली की मोटर बंद करणाऱ्याचं) तेच, पावसाळ्यात तो दिवसातून चारदा पडत असेल तर तो मोटर वाचवतोय.

मोठ्या मशीनबद्दल थोडक्यात सांगतो, तुम्हाला लागणार नाही पण तत्त्व तेच आहे. थळच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर असतात, तिथे शाफ्टचं व्हायब्रेशन आणि पुढे-मागे सरकणं एपीआय ६७० या स्टँडर्डप्रमाणे वेगळ्या प्रोटेक्शन सिस्टिमने मोजतात, आणि महत्त्वाच्या ट्रिपला तीन सेन्सर लावून तिघांपैकी दोघं म्हणाले तरच मशीन थांबवतात. एक सेन्सर बिघडला तर प्लांट उगाच बंद पडत नाही आणि एक सेन्सर मेला तर संरक्षणही जात नाही. आणि तिथे थांबवणं हीसुद्धा एक रांगेने होणारी क्रिया असते, ट्रिप आली की अँटी-सर्ज व्हॉल्व्ह ताबडतोब उघडतो नाहीतर वेग कमी होताना मशीन सर्जमध्ये जाऊन (गॅस उलटा मागे येऊन) हादरतं.

तुमच्याकडेही ट्रिप म्हणजे नुसती मोटर बंद, एवढ्यावर सोडू नका. मशीन थांबलं की लिक्विड लाइनचा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) बंद झालाच पाहिजे, नाहीतर लिक्विड अमोनिया आइस टँकच्या कॉइलमध्ये भरत राहतो, अ‍ॅक्युम्युलेटर भरतो, आणि पुढच्या स्टार्टला ते लिक्विड सिलेंडरमध्ये येतं. ती टकटक ज्याने ऐकलीय तो विसरत नाही, व्हॉल्व्ह प्लेटचे तुकडे होतात. म्हणून हाय लेव्हल फ्लोटची ट्रिप आली असताना रिसेट मारून 'बघू चालतं का' हे सगळ्यात धोक्याचं. कंडेन्सरचा पंप मात्र ट्रिपनंतर चालूच ठेवा.

तेवढ्यात एक तपासणीही होते. मशीन बंद, पाणी चालू, अर्ध्या-पाऊण तासाने कंडेन्सरचं प्रेशर स्थिर झालं की पाण्याचं टेंपरेचर बघा. पाणी ३० डिग्री असेल तर प्रेशर साधारण १०.७ बारवर येऊन थांबलं पाहिजे. १२ वरच अडून बसलं तर सिस्टिममध्ये हवा आहे, पर्ज करायला (ती हवा बाहेर काढायला) लागेल, नीट पर्जरमधून किंवा पाण्यात सोडून, मास्क लावून. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात हवेतला ओलावाच इतका असतो की कंडेन्सरचं पाणी फार थंड होत नाही, त्यात नोझलला क्षार आणि आत हवा, म्हणजे दुपारची हेड प्रेशर ट्रिप ठरलेली.

बायपास कधीच करायचा नाही असंही मी म्हणत नाही, टेस्टिंगला, सेन्सर बदलताना करावा लागतो. पण तो किल्लीच्या स्विचने, टायमर लावलेला, अर्ध्या तासाने आपोआप सुटणारा, स्क्रीनवर लाल दिसणारा, रजिस्टरला सही असलेला, आणि तेवढा वेळ एक माणूस गेजसमोर उभा. पॅनलच्या आत टर्मिनलला टर्मिनल जोडलेली वायर म्हणजे बायपास नव्हे, ती लावणारा सुट्टीवर गेला की कोणालाच माहीत नसलेली गोष्ट होते.

आणि ट्रिपची परीक्षा घ्या. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फाची मागणी कमी, हाच वेळ. हाय प्रेशरसाठी कंडेन्सरचं पाणी हळूहळू कमी करा, गेजवर नजर आणि एकाचा हात स्टॉपवर, आणि कितीला ट्रिप आली तो आकडा लिहा. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह बंद करून ही टेस्ट कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा, रेसिप्रोकेटिंग मशीनला बाहेर जायला वाट नसली की प्रेशर क्षणात कुठच्या कुठे जातं. लो प्रेशर सक्शन व्हॉल्व्ह हळू आवळून, ऑइलचा स्विच त्याच्या टेस्ट लिव्हरने. अमोनियाचा डिटेक्टर कॅलिब्रेशन गॅसने तपासून घ्या, अलार्म २५ पीपीएमला ठेवतात, आणि ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात, त्यामुळे तो डिटेक्टर मेलेला असणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. वर्षभर न हललेला कॉन्टॅक्ट आपल्या खाऱ्या हवेत चिकटून बसलेला असू शकतो, आणि ते हलवून बघितल्याशिवाय कळत नाही.

तर आता एवढं करा. लूप केला असेल तर काढा. ऑइल स्विचच्या हीटरची सप्लाय रनिंग कॉन्टॅक्टमधून येते का ते तपासा. आणि आठ दिवस प्रत्येक ट्रिपला रिसेट दाबायच्या आधी हिस्टरीतला पहिला अलार्म सेकंदासकट, त्या वेळचं सक्शन, हेड, ऑइलचा फरक, कंडेन्सरच्या पाण्याचं टेंपरेचर आणि मशीन चालू होऊन किती वेळ झाला होता ते लिहून काढा. स्टार्टनंतर दीडेक मिनिटांतच बंद पडत असेल तर मी चुकलो, मग खरंच ऑइलकडे बघायचं, फिल्टर, लेव्हल, पंप या क्रमाने. दोन-तीन तास चालून दुपारी पडत असेल तर कंडेन्सरवर चढा आणि नोझल उघडून बघा. ते आठ दिवसांचं पान मला पाठवा, त्यावरून पुढचं सांगतो.